उसातल्या बिबट्याची हजेरी घेणाऱ्या विद्याताई

दसरा-दिवाळी उरकली की आपल्या माजलगाव, धारूर, वडवणी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोपीचे बांबू, शेळी, कोंबड्या, कुत्रे आणि चिल्लीपिल्ली भरली जातात. कोणी बारामतीकडे जातो, कोणी संगमनेर-अकोल्याकडे, कोणी जुन्नर-शिरूरकडे. पुढचे पाच-सहा महिने फडाच्या कडेला कोपीत संसार मांडायचा असतो. तेथे पाणी कोठून आणायचे, किराणा कोठून भरायचा, हे जुनी माणसे नव्यांना सांगतात. पण रात्री आपला शेजारी कोण असणार आहे, हे टोळी निघताना फारसे कुणी सांगत नाही. तो शेजारी म्हणजे बिबट्या.

बिबट्या दिसत नाही. दहा वर्षे एका पट्ट्यात ऊस तोडणाऱ्या माणसालाही तो एखाद-दुसऱ्या वेळीच दिसतो, आणि तोही ओझरता. अशा न दिसणाऱ्या जनावराचा ठावठिकाणा शोधून काढणे, ते कोठे राहते, किती संख्येने राहते, काय खाते याची पक्की नोंद करणे, हे एक शास्त्र आहे. महाराष्ट्रात हे शास्त्र उसाच्या फडात उतरवण्यात डॉ. विद्या अत्रेय यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या कामाची ओळख वाचक बंधू-भगिनींना करून द्यावी, असे आम्हास बरेच दिवस वाटत होते. या कामाचा संबंध मोठमोठ्या अभयारण्यांपेक्षा आपल्या कोपीत झोपणाऱ्या लेकरांशी जास्त आहे.

दुर्बिणीच्या गावाजवळ

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपण्यासाठी तेथे मोठमोठ्या तबकड्या उभ्या केल्या आहेत. विद्याताईंचे पती रमणा अत्रेय हे खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या कामामुळे हे कुटुंब त्या भागात राहावयास आले. विद्याताईंचे शिक्षण पर्यावरणशास्त्रातले, म्हणजे प्राणी, झाडे आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचा अभ्यास. बिबट्यावर काम करायचे असे ठरवून त्या नारायणगावाकडे आल्या नव्हत्या. जेथे राहावयास गेल्या, तेथे माणसे आणि बिबटे यांचा प्रश्न पेटलेला होता. त्यांनी तोच हाती घेतला.

हा प्रश्न काय होता? जुन्नर तालुक्यात कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, पाणी आले, पाण्याबरोबर ऊस आला. ज्या शेतात पूर्वी बाजरी होती तेथे बारा महिने माणसापेक्षा उंच हिरवे रान उभे राहिले. बिबट्याला लपायला जागा झाली. गावात कुत्री, डुकरे, शेळ्या होत्याच. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले. लेकरे गेली, म्हातारी माणसे जखमी झाली. लोक चिडले. पिंजरे लावा आणि बिबटे उचला, अशी मागणी झाली. मागणी करणाऱ्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे मूल गेले त्याने शांत बसावे असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.

वनखात्याने पिंजरे लावले. सापडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडले. सगळ्यांचीच समजूत अशी होती की बिबट्या हे जंगलातले जनावर आहे, वाट चुकून उसात आले आहे, त्याला घरी पोचवले की प्रश्न मिटला.

समजूत आणि हिशेब

आम्ही कारकुनी करणारी माणसे. एखादी रक्कम पटत नसेल तर आम्ही आधीचे कागद काढतो आणि पहिल्या पानापासून बेरीज करतो. विद्याताईंनी जुन्नरमध्ये साधारण हेच केले. हल्ले कोठे झाले, कधी झाले, बिबटे कोठून पकडले आणि कोठे सोडले, याच्या वनखात्यातील नोंदी त्यांनी मांडल्या. पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवण्याचे काम सुरू झाले. प्रत्येक चिपला स्वतःचा क्रमांक असतो. तोच बिबट्या पुन्हा कोठे सापडला तर यंत्र फिरवून तो कोण हे कळते.

हिशेब जुळवल्यावर जे निघाले ते समजुतीच्या उलट होते. बिबटे मोठ्या प्रमाणावर हलवण्याआधी जुन्नर परिसरात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. हलवणे सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. सुमारे ३० बिबटे सरासरी ४० किलोमीटर दूर नेऊन सोडले होते. जेथे ते सोडले गेले, त्या भागाच्या आसपासही हल्ले वाढल्याचे दिसले. विद्याताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०११ साली आंतरराष्ट्रीय शास्त्रीय नियतकालिकात छापून आला.

असे का व्हावे? बिबट्या हे आपली हद्द राखून राहणारे जनावर आहे. त्याला आपल्या हद्दीतली प्रत्येक वाट, प्रत्येक ओढा, प्रत्येक वस्ती माहीत असते. माणूस कधी बाहेर पडतो, कुत्री कोठे झोपतात, हेही त्याला ठाऊक असते. अशा जनावराला पकडून अनोळखी मुलखात सोडले की ते बावचळते आणि परतीची वाट धरते. वाटेत अनोळखी माणसांशी गाठ पडते. इकडे त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा, बहुधा तरुण बिबट्या येऊन बळकावतो. म्हणजे एक काढला तरी जागा रिकामी राहत नाही, उलट ओळखीच्या शेजाऱ्याच्या जागी अनोळखी येतो.

याचा धडधडीत पुरावा पुढे एका बिबट्याने दिला. २००९ च्या एप्रिल अखेरीस पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक नर बिबट्या विहिरीत पडला. वयस्क दिसत होता म्हणून त्याचे नाव ठेवले आजोबा. त्याच्या गळ्यात उपग्रहामार्फत ठिकाण कळवणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. आजोबा तेथे थांबला नाही. डोंगर उतरला, महामार्ग ओलांडला, कसाऱ्याकडचा लोहमार्ग ओलांडला, वसईची खाडी पार केली आणि सुमारे महिन्याभरात १२० किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. या सगळ्या प्रवासात त्याने कुणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. कातडीखालच्या चिपवरून तो आजोबाच असल्याचे कळले. या गोष्टीवर पुढे २०१४ साली ‘आजोबा’ हा मराठी चित्रपटही आला.

अकोल्याचे कॅमेरे

उसात बिबटे आहेत हे लोक सांगत होतेच. पण वाट चुकून आलेले चार आहेत की तेथेच जन्मलेले, तेथेच वाढलेले आहेत, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी विद्याताईंनी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले हा तालुका निवडला. आपल्या टोळ्यांना हा मुलूख चांगला ओळखीचा आहे. तेथे ऊस आहे, मका आहे, भाजीपाला आहे, दाट वस्ती आहे. अभ्यासाचा पट्टा राखीव जंगलाच्या बाहेरचा होता.

तेथे त्यांनी आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. उष्ण अंगाचे काही समोरून सरकले की या कॅमेऱ्याची कळ आपसूक दाबली जाते. वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीने कॅमेरे लावावे लागतात, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगवेगळे असतात. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशी जुळत नाही, तसे एका बिबट्याचे ठिपके दुसऱ्याशी जुळत नाहीत. फोटो शेजारी ठेवून पाहिले की हा कालचाच की दुसरा, हे सांगता येते.

सुमारे १७९ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात ४० ठिकाणी, ३० रात्री हे कॅमेरे चालले. त्या पट्ट्यात दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत होती. फोटोत किती निघाले? ५ नर आणि ६ माद्या, असे ११ प्रौढ बिबटे. हिशेबाने दर १०० चौरस किलोमीटरला जवळजवळ ५ बिबटे आणि तेवढीच तरसे. शिवाय कोल्हे, खोकड, रानमांजर, उदमांजर आणि अगदी चिमुकले वाघाटीही फोटोत आले. पिल्लांना घेऊन फिरणाऱ्या माद्या होत्या. म्हणजे हे पाहुणे नव्हते, घरचेच होते. अभ्यासाच्या काळात त्या पट्ट्यात बिबट्याने माणूस मारल्याची नोंद नव्हती. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली. गावाशेजारी एवढे बिबटे नांदत असतील, यावर तोपर्यंत फार थोड्यांचा विश्वास होता.

हे बिबटे खातात काय, हेही तपासले. त्यासाठी शेताच्या बांधाबांधावरून त्यांची विष्ठा गोळा केली, धुतली, त्यातले केस वेगळे केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काम घाणीचे आहे, पण पुरावा पक्का असतो. पोटात गेलेल्या भक्ष्यापैकी वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव आणि गावातली जनावरे निघाली. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. त्या भागात कुत्र्यांपेक्षा शेळ्या सातपट होत्या, तरी शेळ्यांचा वाटा ११ टक्केच, कारण शेळ्या रात्री कोंडल्या जातात आणि कुत्री मोकाट फिरतात. कोपीच्या दारात बांधलेले कुत्रे राखण करते हे खरे, पण बिबट्याला दाराशी बोलावणारेही तेच असते, हे यावरून ध्यानात घेतले पाहिजे.

नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर पाच बिबट्यांच्या गळ्यात पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. दिवसा ही जनावरे घरांपासून दूर राहतात, रात्री माणसे झोपली की घरांच्या जवळून फिरतात. बिबट्या आपल्याला पाहून आपले वेळापत्रक ठरवतो, आपल्याला मात्र त्याचा पत्ता नसतो.

न दिसलेल्याची हजेरी कशी मांडावी

आता या शास्त्रातली सर्वांत अवघड आणि आम्हास सर्वांत आवडलेली गोष्ट. हजेरीपटावर नावापुढे गैरहजेरीची खूण पडली म्हणजे माणूस आला नव्हता, असे आपण धरतो. पण मुकादम फडाच्या एका टोकाला उभा असेल आणि माणूस दुसऱ्या टोकाला तोडत असेल तर? माणूस हजर असतो, दिसलेला नसतो. लपणाऱ्या जनावरांच्या बाबतीत नेमके हेच होते. एखाद्या गावात बिबट्याची खूण सापडली नाही, म्हणजे तेथे बिबट्या नाही असे म्हणता येत नाही.

यावर शास्त्रज्ञांचा उपाय सोपा आहे. एकाच ठिकाणी एकदा न जाता अनेकदा जायचे आणि प्रत्येक वेळी सापडले की नाही ते लिहायचे. समजा प्रत्येक ठिकाणी ३ वेळा गेलो. ज्या ठिकाणी जनावर निश्चित आहे, तेथल्या नोंदी पाहून असे कळले की एका फेरीत खूण सापडण्याची शक्यता निम्मी आहे. मग तिन्ही फेऱ्यांत ती चुकण्याची शक्यता निम्म्याची निम्मी आणि तिचीही निम्मी, म्हणजे आठात एक. आता ७० ठिकाणी खुणा सापडल्या असतील, तर खरी ठिकाणे ८० असावीत आणि त्यांतली १० आपल्या हातून निसटली, असा हिशेब निघतो. जे दिसले नाही त्याचीही हजेरी अशी मांडता येते. बारावीपर्यंतचे गणित नीट केलेल्या मुलाला हे समजायला अडचण नाही.

न दिसणे आणि नसणे यांत किती अंतर असू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड खानदेशात १८८४ नंतर कुणाला खात्रीने सापडले नव्हते. ते नामशेष झाले असे पुष्कळांनी धरले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात अमेरिकेहून आलेल्या पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना ते दिवसाउजेडी फांदीवर बसलेले दिसले. मधली ११३ वर्षे ते तेथे होतेच, त्याची हजेरी घेणारे कुणी नव्हते. नंतर आपल्या अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा तोरणमाळ, मेळघाट आणि पुढे २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही ते सापडले.

कात्रणांतून नकाशा

कॅमेरे महाग असतात आणि सगळ्या राज्यात लावता येत नाहीत. तेव्हा विद्याताई आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकासाठी वेगळी युक्ती केली. २०१३-१४ मधील वर्तमानपत्रांतल्या बिबट्याच्या बातम्या त्यांनी गोळा केल्या. कोणत्या तालुक्यात बिबट्या दिसला, कोठे जनावर मारले, कोठे पिंजरा लावला, हे तालुकावार मांडले. वर सांगितलेला हजेरीचा हिशेब त्याला लावला. उत्तर असे आले की राखीव जंगलाच्या बाहेर सुमारे ८४ हजार चौरस किलोमीटरवर, म्हणजे राज्याच्या जवळपास ४७ टक्के भागावर बिबट्याचा वावर आहे. आमच्यासारख्या वार्ताहरकी करणाऱ्यांनी यातून एक बोध घ्यावा. गाव, तालुका, तारीख नीट लिहिलेली चार ओळींची बातमी उद्या शास्त्राचा पुरावा होते. “बिबट्याची दहशत” एवढाच मथळा असलेली बातमी कशाच्याच कामाची राहत नाही.

महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यासाठी असेच काम तरुण संशोधिका इरावती माजगावकर यांनी विद्याताई व इतर सहकाऱ्यांसोबत केले. ते २०१९ साली प्रसिद्ध झाले. येथे त्यांनी वनरक्षक, वनपाल यांना भेटून विचारले की आपल्या बीटात बिबट्या, लांडगा, तरस आहे काय. सुमारे ८९ हजार चौरस किलोमीटरच्या मुलखाचा हिशेब निघाला. ही तिन्ही जनावरे त्यातल्या निम्म्याहून अधिक भागात आहेत, असे दिसले. जेथे माळ आहेत, मेंढ्या आहेत, पडीक जमीन आहे, तेथे लांडगा आणि तरस टिकून आहेत. जेथे पाणी आणि ऊस आला, तेथे बिबट्या रुजतो आहे.

आपल्या जिल्ह्याचे काय?

बीड जिल्ह्यात बिबट्या नाही, असे म्हणण्याचे दिवस गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात थोड्याच दिवसांत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात गेली. पुढे शेजारच्या करमाळा तालुक्यात आणखी बळी गेले, त्यात ऊसतोड मजुराची एक लहान मुलगी होती. १८ डिसेंबर २०२० रोजी तो बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात दोन लेकरे आणि एक वृद्धा अशी तीन माणसे गेली.

तेव्हा बिबट्या गोजिरवाणा आहे, त्याच्याशी सलोख्याने राहा, असे शहरातल्या गादीवर बसून सांगणे बरे नव्हे. माणसावर हल्ले करणारे जनावर हटवावेच लागते, आणि २०११ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही तशी तरतूद आहे. त्या सूचना तयार होताना जुन्नर-अकोल्यातील अभ्यासाचा उपयोग झाला. त्यांचा रोख एवढाच आहे की दिसला बिबट्या की लाव पिंजरा, हे थांबवावे. ज्याने काही केले नाही त्याला उचलून दुसऱ्याच्या गावात सोडले तर दुसऱ्याचे मूल धोक्यात येते.

आपल्या माजलगावला सिंदफणेवर धरण झाले, जायकवाडीचे पाणी आले. मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते, तेथपर्यंत दोन्ही काठांनी ऊस दिसतो. ज्या कारणाने जुन्नरला बिबट्या रुजला, ती सगळी कारणे येथेही तयार होत आहेत. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण गाफील राहण्याचेही नाही.

टोळीने ध्यानात ठेवावे असे

अभ्यासातून आणि वनखात्याच्या सूचनांतून ज्या गोष्टी पुढे आल्या आहेत, त्या येथे देतो. टोळी निघण्याआधी समाजमंदिरात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवाव्यात.

बिबट्या उभ्या माणसाला टाळतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस आणि लहान मूल त्याला लहान जनावरासारखे दिसते. म्हणून पहाटे आणि अंधार पडल्यावर लेकरांना एकटे शौचाला पाठवू नये. बायाबापड्यांनीही दोघी-तिघींनी मिळून, बत्ती घेऊन, बोलत जावे. मोबाइलवर गाणे लावले तरी चालते. आवाज ऐकला की बिबट्या बहुधा वाट सोडतो.

कोपीत लेकरांना दाराजवळ किंवा कुडाला लागून न झोपवता मध्ये झोपवावे. कोप्या उसाला चिकटून न बांधता मोकळ्या जागी, एकमेकींजवळ बांधाव्यात. शिळे अन्न, कोंबडीची पिसे-आतडी कोपीजवळ टाकू नयेत. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. शेळ्या रात्री चहूबाजूंनी आणि वरूनही बंद केलेल्या जागी ठेवाव्यात.

ऊस तोडताना बिबट्याची पिल्ले सापडली तर हात लावू नये, उचलून फोटो काढत बसू नये. तोड थांबवून सगळ्यांनी बाजूला व्हावे आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिल्ले तेथेच राहिली तर आई रात्री येऊन घेऊन जाते. जुन्नरच्या माणिकडोह बिबट्या निवारा केंद्राच्या मंडळींनी अशा कितीतरी पिल्लांची आईशी गाठ घालून दिली आहे. पिल्ले नेली तर चवताळलेली मादी त्याच फडात आपल्याला शोधत राहते.

बिबट्या दिसला तर गर्दी करू नये, दगड मारू नये, त्याची वाट अडवू नये. बहुतेक जखमा अशा गर्दीतच होतात. दुर्दैवाने माणूस किंवा जनावर गेले, तर उशीर न करता वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा. परमुलखातल्या मजुरालाही शासनाच्या मदतीचा हक्क तेवढाच आहे.

यातले काही आपल्या हातात आहे, काही नाही. कोपीवर दिवा, जवळ शौचालय, लेकरांसाठी दिवसभर बसण्याची जागा, हे कारखान्याने द्यायचे आहे. पहाटे चारला आई-बाप फडात गेल्यावर कोपीत धाकट्यांना सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी ही या सगळ्या शास्त्रातली सर्वांत कच्ची कडी आहे. मुकादमाशी बोली करताना मजुरीच्या दराबरोबर दिव्याची आणि शौचालयाची मागणीही मांडली पाहिजे. अकोल्याचे आकडे त्यासाठी आपल्या बाजूने उभे आहेत. रात्री घरांजवळून बिबटे फिरतात, ही आता ऐकीव गोष्ट उरलेली नाही. ती फोटोनिशी सिद्ध झाली आहे.

आपल्या मुलामुलींनी यात का जाऊ नये?

शेवटी पालकांशी दोन शब्द. वन्यजीव शास्त्र हे श्रीमंतांच्या पोरांचे छंदाचे काम आहे, असा एक समज आहे. विद्याताईंचे काम पाहिले तर त्यात लागते काय? भल्या पहाटे उठणे, मैलोगणती चालणे, पाऊलखुणा ओळखणे, लोकांशी नम्रपणे बोलणे आणि दिवसभराचे पाहिलेले रात्री वहीत प्रामाणिकपणे उतरवणे. यातला निम्मा अभ्यासक्रम ऊसतोड्याच्या लेकराने वयाच्या दहाव्या वर्षीच पुरा केलेला असतो. ओल्या मातीत उमटलेला पंजा कुत्र्याचा की बिबट्याचा, हे त्याला विचारा. कुत्र्याच्या पंजात नखांच्या खुणा दिसतात, बिबट्याच्या दिसत नाहीत, हे तो पुस्तक न उघडता सांगेल. राहिलेला निम्मा अभ्यासक्रम शाळा-कॉलेजातला आहे, आणि तो मिळवून देणे आपले काम आहे.

बारावीला शास्त्र शाखा घेऊन प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा वनशास्त्राची पदवी घेता येते. त्यानंतर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथे वन्यजीव शास्त्राचे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. प्रवेश परीक्षा अवघड असते, जागा थोड्या असतात, पण निवड गुणांवर होते. ज्याला एवढे जमणार नाही त्याने वनरक्षकाच्या भरतीकडे लक्ष ठेवावे. इरावतीबाईंच्या नकाशातला प्रत्येक ठिपका कुणातरी वनरक्षकाच्या सांगण्यावरून पडला आहे, हे विसरू नये.

आणि मुलींना यातून वगळू नये. विद्याताई, इरावतीबाई, पामेला रासमुसेन, या लेखात आलेल्या शास्त्रज्ञांत बायाच जास्त आहेत, हे आम्ही मुद्दाम जुळवून आणलेले नाही.

न दिसणाऱ्याची नोंद घेणे हे या शास्त्राचे सार आहे. बिबट्या अकोल्याच्या उसात कित्येक वर्षे होता. त्याला मोजणारे कुणी आले तेव्हाच तो नकाशावर आला, आणि नकाशावर आल्यावरच त्याच्याबद्दल शहाणपणाचे नियम झाले. त्याच फडाच्या कडेला, त्याच अंधारात, आपली हजारो कुटुंबे दरवर्षी राहतात. प्रत्येक गावाने आपल्या टोळ्यांची, त्यांच्याबरोबर जाणाऱ्या लेकरांची, त्यांच्या वयाची आणि त्या कोणत्या कारखान्याला गेल्या याची साधी यादी या हंगामापासून ठेवावी. वही लागते एक आणि लिहिणारा एक. माजलगावपुरते ते काम करावयास आम्ही तयार आहोत.